मदत हवी आहे: 'हाताने बनवलेली' गाडी म्हणजे नेमकं काय?

मंडळी, टोयोटा सेंच्युरीबद्दल जरा मदत करा. १९६७ पासून चालत आलेली जपानी सेडान, २०१८ चं तिसरं मॉडेल आलं त्याबद्दल विचारतोय. पुढच्या फिनिक्स पक्ष्याच्या एम्ब्लेमबद्दल सगळीकडे सांगतात की कारागीर दीड महिना हाताने कोरतो, पण नीट बघितलं तर तो कोरतो तो साचा, म्हणजे प्रत्येक गाडीचं एम्ब्लेम वेगळं कोरलेलं नाहीच! मग याला हँडमेड म्हणायचं का? माझ्या मते म्हणावं, कारण पिसांच्या त्या बारीक रेषा मुळात हातातूनच आल्यात, पण मित्र ऐकायला तयार नाही.

खरा प्रश्न पेंटचा आहे. काळ्या रंगाचे सात थर आणि मध्ये मध्ये पाणी मारून पॉलिश पेपरने घासणं, असं तीनदा. इतकं घासल्यावर दारांवर त्या ज्या दोन समांतर रेषा आहेत, जपानच्या जुन्या हेइआन काळातल्या खांबांच्या कडांवरून घेतलेल्या, त्यांची धार बोथट कशी होत नाही? कडेवर रंग आधीच पातळ बसतो ना, तिथे हात जरा जास्त पडला की खालचा थर उघडा. रोबोटला कडेवरचा दाब सांभाळता येत नाही म्हणून हात लागतो, की दुसरं काही कारण आहे?

पेंटिंग किंवा डिटेलिंगमधलं कुणी असेल तर प्लीज सविस्तर सांगा. फक्त 'मार्केटिंग आहे रे' एवढंच लिहू नका.