दोन महिन्यांच्या वर डिपॉझिट घ्यायला कायद्यानेच बंदी हवी का?

सिंहगडरोडवाला:
पुण्यात बाणेर-बालेवाडीकडे घर बघतोय. भाडं २५ हजार. पण चावी हातात पडायच्या आधी १ लाख डिपॉझिट, पहिल्या महिन्याचे २५, ब्रोकरचे २५ आणि वर अ‍ॅग्रीमेंटचा खर्च. दीड लाख गेले आणि अजून गॅसची शेगडीपण घेतलेली नाही! नवीन नोकरीवाल्या पोराने आणायचे कुठून? केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा राज्यांना पाठवला, त्यात राहत्या घराला जास्तीत जास्त २ महिन्यांचं डिपॉझिट आणि घराचा ताबा परत दिला की जे कापायचं ते कापून तेव्हाच परत, असं सरळ लिहिलंय. पण राज्याने स्वतःचा कायदा केला तरच ते लागू. लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटला आपल्याकडे वरची मर्यादाच नाही. माझं मत, २ महिने, त्यावर एक रुपया नाही.

हप्ते_भरणारा_मालक:
घ्या, आला कायदा शिकवणारा. दादा, शेवटचे दोन महिने भाडेकरू काय म्हणतो माहितीये का, "काका डिपॉझिटमधून वळते करून घ्या". झालं, २ महिन्यांचं डिपॉझिट तिथेच संपलं. मग महावितरणचं बिल, तुटलेली किचन ट्रॉली, भिंतीला ठोकलेले खिळे हे कोणी भरायचं, तुमच्या केंद्र सरकारने? आणि मुदत संपल्यावर निघालाच नाही तर मी तारखा मोजत बसू का इकडे बँकेचा हप्ता भरू?

वकिलीणबाई:
@हप्ते_भरणारा_मालक निघाला नाही तर त्याची सोय १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे की. कलम २४, सक्षम प्राधिकाऱ्याकडे (यासाठी नेमलेला सरकारी अधिकारी) अर्ज करायचा, मुदतीनंतर जितके दिवस राहील तितक्या दिवसांचं दुप्पट भाडं मागता येतं. मालकाची बाजू इतकी भक्कम आहे.
पण करार रजिस्टर हवा. कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची, नाही केला तर ५ हजारांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि वाद झाला तर उलटं सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं.
भाडेकरूंनो एक लक्षात ठेवा, "करारात डिपॉझिट २० हजारच दाखवू, बाकीचे कॅश द्या, स्टँप ड्युटी वाचेल" असं एजंट म्हणाला तर त्याला हिशोब विचारा. ड्युटी पाव टक्का, तीही डिपॉझिटवर नाही तर त्याच्या वर्षाच्या १० टक्के व्याजावर. ८० हजार लपवून वाचतात फक्त २० रुपये. वीस! ते ८० हजार परत मागायला मग तुमच्याकडे कागदच नाही.

सिंहगडरोडवाला:
२० रुपये 😳 आमचा एजंट अगदी उपकार केल्यासारखं सांगत होता.

लेस्टरकर:
इकडे इंग्लंडमध्ये २०१९ पासून डिपॉझिटला ५ आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा आहे (वर्षाचं भाडं ५० हजार पौंडांच्या आत असेल तर) आणि ते मान्यताप्राप्त योजनेत ३० दिवसांत नोंदवावं लागतं, पैसे एकतर योजनेकडेच ठेवायचे नाहीतर मालकाने स्वतःकडे ठेवून योजनेत विमा काढायचा. नवीन कायद्याने १ मे २०२६ पासून आगाऊ भाडंही एका महिन्याच्या वर मागता येत नाही. ऐकायला मस्त, पण आपली मास्टर्सला येणारी मुलं, ज्यांना इथला जामीनदार मिळत नाही, ती ६ महिन्यांचं भाडं आधी भरून घर मिळवायची. ती वाट आता बंद, मालक म्हणतो जामीनदार आण. मर्यादा घातली की मालक दुसऱ्या चाळणीने गाळतो एवढंच.

हप्ते_भरणारा_मालक:
तेच म्हणतोय मी! उद्या २ महिन्यांची मर्यादा आली तर मी बॅचलरला घरच देणार नाही, फॅमिली आणि सरकारी नोकरी असेल तरच.

वकिलीणबाई:
ते तुम्ही आत्ताही करताच. मर्यादेपेक्षा मला लेस्टरकरांच्यातलं ते पैसे तिसऱ्याकडे ठेवायचं पटलं. ३ महिन्यांचं घ्या हवं तर, पण ठेवा तिसऱ्या हातात. कापायचं असेल तर बिल दाखवा. पेंटिंगचा एक महिना कापलाच म्हणून समजा हा काय प्रकार आहे, दोन वर्षं राहिल्यावर भिंत मळणारच ना.

हप्ते_भरणारा_मालक:
आणि ते पैसे तिकडे पडून राहणार? मी डिपॉझिट लोनमध्ये भरून टाकलंय. पुढचा भाडेकरू आला की त्याच्यातून आधीच्याला देतो, सगळे तेच करतात.

सिंहगडरोडवाला:
म्हणजे मला माझेच पैसे मिळायला आधी तुम्हाला नवीन बकरा मिळायला हवा. आणि म्हणे भाडेकरूवर विश्वास नाही!

हप्ते_भरणारा_मालक:
नको असेल तर पीजी बघा.

कात्रजची_मावशी:
भांडून झालं असेल तर विचारते, ब्रोकरशिवाय बाणेरला वन बीएचके कोणी देतंय का? भाचीसाठी हवाय, करार रजिस्टर करणारेच मालक सांगा.