बी.एस्सी. नर्सिंगसाठी ५ लाखांचं कर्ज, पगारातून फिटेल का?

गारगोटीकर
नमस्कार मंडळी. पोरगी यंदा बारावी सायन्स झाली, नर्सिंगची सीईटी दिलीय आणि नर्सिंगच करायचं म्हणून हटून बसलीय. घरची दोन एकर शेती, ऊस, दोन म्हशी. उसाचं बिल सोसायटीच्या कर्जात वळतं होतं, हातात खेळतो तो दुधाचाच पैसा.

कोल्हापूरजवळच्या एका खासगी कॉलेजात चौकशी केली. फी, हॉस्टेल, मेस धरून वर्षाला सव्वा लाख सांगितलं. म्हणजे चार वर्षांचे ५ लाख. बँकेचा साहेब म्हणतोय तारण लागणार नाही, कर्ज होऊन जाईल.

आता घोळ असा की मेव्हणा म्हणतो, "सरकारी नर्सला सुरुवातीलाच पन्नास हजार, डोळे झाकून कर्ज काढ." आणि आमच्याच गावची एक पोरगी कोल्हापुरात दवाखान्यात नोकरीला आहे, ती सांगते महिन्याला १३ हजार हातात येतात. कुणाचं धरून चालायचं? कुणीतरी जरा इस्कटून सांगा. बी.एस्सी. ऐवजी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करावं, असंही एकजण म्हणाला.

उचगावची सिस्टर
दादा, दोघंही खरं बोलतायत. मेव्हणे सरकारी नोकरी लागल्यावरचं सांगतात आणि गावची पोरगी ती लागेपर्यंतचं.

महाराष्ट्र शासनाच्या अधिपरिचारिकेचं (म्हणजे स्टाफ नर्सचं) मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरचं ४४,९००. त्यावर महागाई भत्ता, घरभाडं वेगळं, म्हणजे पन्नास हजार ही काही थाप नाही. पण सरकारी जाहिरात निघते तेव्हा निघते. मग परीक्षा, यादी, कधी कोर्टकचेरी. तोवर पोट खासगी दवाखान्यावर. माझा पहिला पगार १२ हजार होता, नाईट ड्युटी धरून. राजारामपुरीत तिघींत एक खोली, मेसचा डबा, महिन्यातून एकदा घरी. शिल्लक काय राहत असेल ते तुम्हीच ताडा.

सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या निकालानंतर नेमलेल्या समितीनं ५० खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयातसुद्धा नर्सला किमान २० हजार द्यावेत असं सुचवलं होतं. २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार. ते वाचून आम्ही ड्युटी रूममध्ये हसलो होतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, हप्ता पन्नास हजारांवर मांडू नका, १३ हजारांवर मांडा. तिथं बसला तर पुढं जा.

जीएनएमचं म्हणाल तर तीनच वर्षं लागतात, खर्चही बहुधा कमी आणि राज्याच्या भरतीला चालतं. फरक एम्सच्या परीक्षेला पडतो. बी.एस्सी. झालेली मुलगी नोंदणी झाली की थेट बसू शकते. जीएनएमवाल्यांना ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि वयाची अट तिशीची. पोरगी अभ्यासात चांगली असेल तर मी बी.एस्सी.च म्हणेन.

रिटायर बँकवाला
सिस्टरनी १३ हजारांवर मांडा म्हटलंय, तर मांडूनच दाखवतो. व्याज सोयीसाठी १० टक्के धरतो.

दरवर्षी सव्वा लाख उचल. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याजाचा मीटर चालूच असतो, हे साहेब लोक हळू आवाजात सांगतात. या पाच वर्षांत सरळव्याजानं १ लाख ७५ हजार चढतात. हप्ता सुरू होताना तुमचं कर्ज ५ लाख नसतं, पावणेसात असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिना साधारण ८,९००. पंधरा वर्षं घेतलीत तर ७,२५०. तेरा हजारांत पोरीनं खायचं काय?

आता दुसरी बाजू. ते व्याज शिक्षण चालू असतानाच भरत गेलात तर पहिल्या वर्षी महिना हजारभर लागतात, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी तीन, पुढं चार हजारांच्या आसपास. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं ना, त्यातलं एक बिल व्याजाला लावा. मग मुद्दल ५ लाखच राहतं आणि दहा वर्षांचा हप्ता ६,६०० वर येतो. अशा वेळेवर व्याज भरणाऱ्यांना बऱ्याच बँका व्याजदरात एक टक्का सूटही देतात, मुलींना अर्धा टक्का वेगळी. साहेबाला तोंड उघडून विचारा, आपणहून कोणी सांगत नाही.

घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राची व्याज अनुदान योजना आहे. बसलात तर त्या पाच वर्षांचं व्याज सरकार भरतं. त्यासाठी कॉलेजची मान्यता नीट तपासा.

शाहूपुरी ३ री गल्ली
सगळे हप्त्यावर तुटून पडलात. मुळात ५ लाख लागतात का ते आधी बघा की!

८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग), ओबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अट अशी की प्रवेश सरकारी कॅप राऊंडमधून, म्हणजे सीईटीनंतरच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की संपलं. खासगी अभिमत विद्यापीठालाही लागू नाही. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. हॉस्टेल-मेसचा खर्च राहतोच, त्याला पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, तोही तिथंच बघा.

तुम्ही चौकशी केली ते कॉलेज कॅपमधून बोललं की थेट?

गारगोटीकर
थेटच. सीईटीचं काय ते बघू नंतर, आधी दहा हजार भरून सीट बुक करा म्हणाले. आम्ही अजून भरलेले नाहीत. आमचा एसईबीसीचा दाखला आहे, उत्पन्नाचा यंदाचा काढायचा राहिलाय.

उचगावची सिस्टर
भरू नका. कॅपमध्ये मिळालं तर फी सुटली आणि कर्ज फार तर हॉस्टेलपुरतं, दोन-अडीच लाखांचं. तेवढा हप्ता मीसुद्धा १२ हजारांतून भरला असता. कॅपचे सगळे राऊंड होऊन नाहीच लागला नंबर, तर ५ लाखांच्या सीटपेक्षा जीएनएमला घाला, तेव्हा माझंही मत बदलेल.

आणि दादा, एसईबीसीला नॉन-क्रिमीलेयरसुद्धा लागतं. उत्पन्नाच्या दाखल्याबरोबरच टाका सेतूत. निकालानंतर गर्दी होते आणि सर्व्हर बंद पडतो.