एन्लाइटनमेंट: प्रबोधन, ज्ञानोदय की आणखी काही?

नवीपेठकर: एका पुस्तिकेचं भाषांतर करतोय. एकाच परिच्छेदात अठराव्या शतकातल्या युरोपचं एन्लाइटनमेंट आणि बोधगयेला बुद्धांना झालेलं एन्लाइटनमेंट. पहिल्याला 'प्रबोधन' लिहिलं, दुसऱ्याला 'संबोधी'. तपासणारे सर म्हणाले, प्रबोधन म्हणजे रेनेसान्स, तो युरोपातला त्याआधीचा काळ, बदला. तुम्ही काय लिहाल?

कार्तिकी: प्रबोधनच ठेवा. बुध् म्हणजे जागं होणं. कार्तिकीला आपण प्रबोधिनी एकादशी म्हणतो ते उगाच नाही. आजी पंढरपूरला निघताना पहाटे आम्हाला हलवायची, "देव उठला, तुम्ही पण उठा की." हा शब्द ऐकला की मला तिचा खांद्यावरचा हात आठवतो.

शब्दनिष्ठ: १९२१ साली प्रबोधनकार ठाकऱ्यांनी 'प्रबोधन' नियतकालिक काढलं तेव्हा शब्दाला धार होती. आता हेल्मेट घाला सांगणं म्हणजेही प्रबोधन. 'ज्ञानोदय' घ्या.

बाळीवेस: आमच्या घरी कन्नड. बुद्धांना झाला तो कन्नडमध्ये ज्ञानोदयच. म्हणजे घोळ तिथंच.

शब्दनिष्ठ: मराठी शब्द कन्नडवरून ठरवायचा का?

बाळीवेस: सोलापुरात राहून असं विचारता? तुमच्या घरातला अडकित्ता कुठून आला ते बघा आधी.

कोरडवाहू: जर्मन तत्त्वज्ञ कांटनं १७८४ मध्ये एन्लाइटनमेंटची व्याख्या केली, त्यात मुद्दा उजेडाचा नाहीच. माणसानं स्वतःच ओढवून घेतलेल्या अज्ञानपणातून बाहेर पडणं, असं तो म्हणतो. आणि या अज्ञानपणासाठीचा त्याचा जर्मन शब्द कायद्यानं वयात न आलेल्याचा आहे, ज्याचा कारभार दुसरा बघतो. आपल्या सातबाऱ्यावर नेमकं हेच असतं: अ.पा.क., अज्ञान पालनकर्ता. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा. माझ्या नावाखाली 'अ.पा.क. आई' लागलं. चोविसाव्या वर्षी पीककर्जाला गेलो तेव्हा कळलं, शेरा तसाच आहे. सहा वर्षं मी कागदावर अज्ञान होतो, अन् मीच कधी उतारा काढून बघितला नव्हता. म्हणून युरोपचं ते 'सज्ञानता', बुद्धांचं 'संबोधी'.

नवीपेठकर: 'सज्ञानतेचं युग'... वाचताना अडखळतं, पण कांटच्या व्याख्येला चपखल बसतं.

शब्दनिष्ठ: सज्ञान हा कोर्टकचेरीचा शब्द झाला. वाचकाला अठरा वर्षं पूर्ण एवढंच कळेल.

कोरडवाहू: कांटलाही तेच सांगायचं होतं.

कार्तिकी: शेरा कमी करायला काय लागतं? माझ्या भावाच्या उताऱ्यावर अजून 'अ.पा.क. मामा' आहे, तो एकवीस पूर्ण झाला.

कोरडवाहू: शाळा सोडल्याचा दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज द्या. फेरफार झाला की नवा उतारा काढून नाव स्वतः वाचा.