सहकाऱ्यांना एकत्र लिहायची डॉक्युमेंट आणि स्वतःचं होमपेज कसं शिकवावं?

विज्ञानखोली

नमस्कार. मी विज्ञान शिकवते. संगणकातलं इतरांपेक्षा थोडं जास्त कळतं म्हणून स्टाफरूमला शिकवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते मनापासून घेतलं. मागच्या महिन्यात एका शनिवारी दोन तास बसलो, चौदा जण. पहिल्या तासात प्रत्येकाला स्टार्ट डॉट मी वर होमपेज करून दिलं: मेल, कॅलेंडर, हजेरीचा तक्ता, रोज लागणाऱ्या साइट, सगळं एका पानावर. दुसऱ्या तासात गूगल डॉक्स. शेअर कसं करायचं, कॉमेंट कशी टाकायची, एकाच पानावर दोघांनी कसं लिहायचं. सगळ्यांना जमलं, सगळे खूश होऊन गेले.

तीन आठवड्यांनी प्रश्नपेढीचं काम निघालं आणि माझ्याकडे मेलवर एकाच फाइलच्या पाच प्रती आल्या. 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'अंतिम नवीन २'... दोघींनी एकच प्रकरण आपापल्या प्रतीत दुरुस्त केलं होतं. ते ओळीला ओळ लावून जुळवायला रात्रीचे साडेअकरा वाजले. होमपेज रोज उघडणारे फक्त दोघे उरलेत.

मला खरं लागलं ते वेगळंच. आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ मॅडम, ज्यांच्या वर्गात मागे बसून मी शिकवायला शिकले, त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, माझ्या हातून दुसऱ्याचं लिहिलेलं पुसलं गेलं तर? त्यापेक्षा मी आपली वेगळी फाइल पाठवते." मी "काही होत नाही हो मॅडम" म्हणून मोकळी झाले. आता वाटतं, तिथेच चुकलं. तुम्ही कुणी हे शिकवलं असेल तर सांगा, सुरुवात कुठून केलीत?

जुनाखडू

मॅडम, चूक कुठे झाली ते तुम्हीच ओळखलंत. "काही होत नाही" हे ऐकून भीती जात नाही. पुसलेलं परत आलेलं डोळ्यांनी पाहिलं की जाते.

मी आता पहिल्या दहा मिनिटांत दुसरं काही शिकवतच नाही. दोन पानांचं एक डॉक्युमेंट सगळ्यांना देतो आणि त्यांच्याकडूनच सगळं पुसून घेतो. कंट्रोल ए, डिलीट. पान कोरं झालं की खोलीत शांतता पसरते. मग फाइल मेनूमधून व्हर्जन हिस्टरी उघडायची. कुणी किती वाजता काय बदललं ते प्रत्येकाच्या रंगात दिसतं. जुनी आवृत्ती निवडून 'रिस्टोअर' दाबलं की सगळं जागेवर. हे ज्याने स्वतः एकदा केलं त्याचा हात पुढे थरथरत नाही.

एक बारकावा मात्र नक्की सांगा, कारण तो फार कमी जण सांगतात. रिस्टोअर केलं की अख्खं डॉक्युमेंट मागे जातं, मधल्या वेळात इतरांनी लिहिलेलंही समोरून जातं. तेही हिस्टरीत शाबूत असतं, पण लोक घाबरतात. एखादाच परिच्छेद हवा असेल तर जुनी आवृत्ती नुसती उघडायची, तेवढा भाग कॉपी करायचा आणि आजच्या पानात चिकटवायचा. आणि मोठं काम सुरू करण्याआधी आवृत्तीला नाव द्यायचं, 'तपासणीपूर्वी' असं काहीही. नंतर शोधाशोध होत नाही.

तुमच्या मॅडमना 'सजेस्टिंग' दाखवा. उजवीकडे वरती पेन्सिलीचं चित्र आहे तिथे. त्यात मूळ मजकूर तसाच राहतो, आपला बदल रंगीत सूचना म्हणून दिसतो आणि ज्याचं लिखाण तो ती स्वीकारतो किंवा नाकारतो. दुसऱ्याच्या लिखाणाला हात लावताना संकोचणारी माणसं सहसा सगळ्यात काळजीपूर्वक तपासतात. त्यांच्यासाठी ही फार चांगली सोय आहे.

पुस्तकपाळ

होमपेजबद्दल माझं मत थोडं कडक आहे. तुम्ही करून दिलेलं पान तुमचं असतं. त्यात काय हवं हे तुम्ही ठरवलंत, म्हणून ते उघडावंसं वाटत नाही. मी एकेकाला आधी आठवडाभर कागदावर लिहायला सांगते: सकाळी संगणक उघडल्यावर पहिल्यांदा काय शोधता? एकाचं उत्तर होतं शब्दकोश आणि वेळापत्रक, बस. त्याच्या पानावर दोनच चौकोन आहेत आणि तो ते रोज उघडतो.

दुसरं म्हणजे सगळी भिस्त एकाच सेवेवर ठेवू नका. आयगूगल आठवतं, गूगलचं असंच होमपेज? 2005 मध्ये सुरू झालं आणि 1 नोव्हेंबर 2013 ला बंद झालं. माझं पान मी वर्षानुवर्षं लावत आणले होते. तेव्हापासून दुव्यांची यादी मी एका साध्या डॉक्युमेंटमध्येही ठेवते. होमपेज बदललं तरी यादी आपल्या हातात राहते.

तक्तेवाला

थोडक्यात दोन गोष्टी. एक, गुणांची यादी किंवा मुलांची माहिती असलेल्या फाइलला 'लिंक असलेला कुणीही' ही परवानगी कधीच देऊ नका. नावानिशी मेल टाकून शेअर करा. दोन, फाइल कुणाच्या खात्यात आहे ते पाहा. संस्थेचं वर्कस्पेस खातं (गूगलचं संस्थांसाठीचं खातं) असेल तर शेअर्ड ड्राइव्हमध्ये ठेवा. तिथे फाइल गटाची असते, माणूस सोडून गेला तरी राहते.

आणि जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधल्या (तो फॉन्ट असेल तरच नीट दिसणाऱ्या) मराठी फाइल डॉक्समध्ये टाकल्या की अक्षरांचा चुथडा होतो. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर लोक डॉक्सलाच दोष देतील.

विज्ञानखोली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पुन्हा बसलो, या वेळी फक्त पाच जण आणि फक्त प्रश्नपेढी. सरावाचं खोटं डॉक्युमेंट घेतलं नाही, खऱ्या कामाचीच एक प्रत काढून घेतली. जुनाखडू सर, पुसायचं काम मी मुद्दाम मॅडमना दिलं. त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की ना?" मग डिलीट दाबलं. रिस्टोअरही त्यांनीच केलं. नंतर एकही शब्द न बोलता त्यांनी ते पुन्हा एकदा पुसलं आणि पुन्हा आणलं.

आज सकाळी उघडलं तर तिसऱ्या प्रकरणात त्यांच्या अकरा सूचना होत्या, सजेस्टिंगमध्ये. माझ्या एका प्रश्नात एकक चुकलं होतं, तेही त्यांनी पकडलं. होमपेजचा विषय मी सध्या काढलेला नाही. त्यांना मात्र कागद दिलाय, आठवडाभर लिहून ठेवायला. पहिल्या दिवशी त्यांनी एकच ओळ लिहिली आहे: 'प्रश्नपेढी'.