इक्वेडोरचं साहित्य: सुरुवात कुठून करावी?

रानवाट:
लॅटिन अमेरिकेतलं म्हणून जे वाचलंय ते कोलंबिया, चिली, अर्जेंटिना आणि थोडं पेरू. इक्वेडोरचं काहीच नाही. तिथल्या साहित्याचा इतिहास कळेल अशा क्रमानं कथा-कादंबऱ्या सुचवाल का? इतिहासग्रंथ नकोत. इंग्रजी चालेल, आणि शब्दकोश हाताशी असेल तर स्पॅनिशही जमतं.

अनुस्वार:
१९३० पासून सुरू करा, मागचं नंतर बघू. त्या वर्षी ग्वायाकिल या बंदरात विशीच्या आसपासच्या तिघांनी मिळून 'लोस के से व्हान' हा कथासंग्रह काढला. आगिलेरा माल्ता, गायेगोस लारा आणि हिल हिल्बेर्त. किनाऱ्यावरच्या मासेमारांच्या आणि शेतमजुरांच्या गोष्टी, त्यांच्याच बोलीत. तोवर या बोलीला छापील पानावर मान नव्हता.
त्यानंतर होसे दे ला क्वाद्राची 'लोस सांगुरिमास' (१९३४). एका जमीनदार घराण्याच्या पिढ्या, त्यांच्याभोवतीच्या दंतकथा आणि रक्तपात. आकारानं लहान आहे, पण माझ्या मते त्या काळातलं सगळ्यात चांगलं पुस्तक हेच.
गायेगोस लाराची 'लास क्रुसेस सोब्रे एल आग्वा' (१९४६) मात्र सोडू नका. १५ नोव्हेंबर १९२२ ला ग्वायाकिलमध्ये संपकरी कामगारांवर सैन्यानं गोळ्या झाडल्या, त्यावरची कादंबरी आहे.

मोडीवाचक:
अनुस्वार, तुम्ही किनाऱ्यावरच थांबलात, डोंगराकडचं राहिलं. होर्हे इकासाची 'वासिपुंगो' (१९३४) वाचल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. अँडीजमधल्या हासिएंडांवर (जमीनदारांच्या मोठ्या शेतवाड्यांवर) आदिवासी कुटुंबाला राबण्याच्या बदल्यात जमिनीचा तुकडा मिळे, तोच वासिपुंगो. परदेशी कंपनीसाठी मालक ते तुकडे हिसकावून घेतो. भुकेपोटी मेलेल्या बैलाचं सडकं मांस खाऊन नायक आंद्रेसची बायको कुन्शी मरते, ते प्रकरण वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. ही पद्धत कायद्यानं बंद झाली १९६४ मध्ये, म्हणजे कादंबरीनंतर ३० वर्षांनी. इंग्रजी भाषांतर आहे.

रानवाट:
मोडीवाचक, धन्यवाद. पण ही बाहेरून लिहिलेली सहानुभूती नाही ना?

मोडीवाचक:
काही अंशी आहेच. इकासाचे आदिवासी सोसतात आणि शेवटी उठाव करतात, पण त्यांच्या मनात शिरायला तो फारसा थांबत नाही. म्हणून सोबत सेसार दाविला आंद्रादेची 'बोलेतिन इ एलेखिया दे लास मितास' ही दीर्घ कविता घ्या. वेठबिगारीत मेलेली माणसं तिथे स्वतः बोलतात, आपली नावं एकामागून एक सांगत. कवी क्वेंकाचा, तोही आदिवासी नव्हे. थेट किचवा भाषेत लिहिणारा हवा असेल तर ओतावालोचा आरिरुमा कोवी.

शाईफेक:
सगळे वास्तववादीच सुचवताहेत म्हणून पाब्लो पालासिओचं नाव घालतो. १९२७ चा त्याचा कथासंग्रह वाचा. शीर्षककथेत एक माणूस वर्तमानपत्रातली छोटीशी बातमी वाचतो, कुणालातरी रस्त्यात लाथांनी मारून टाकल्याची, आणि घरी बसून तर्कानं त्या मृताचं चरित्र रचू लागतो. गायेगोस लारानं पालासिओवर टीका केली होती, कारण त्याच्या लेखी साहित्यानं सामाजिक अन्यायच मांडायला हवा. आज दोघंही सलग वाचता येतात, आणि तो वाद कळला की त्या दशकाचा जीव कळतो.

चांदणशेला:
पुरुषांचीच यादी झाली! आलिसिया यानेस कोस्सिओची 'ब्रुना, सोरोचे इ लोस तिओस' (१९७३) इंग्रजीत आहे. आत्ताच्यांपैकी मारिया फेर्नांदा आम्पुएरोचा 'पेलेआ दे गायोस' (२०१८) आणि मोनिका ओखेदाची 'मान्दिबुला' (२०१८), दोन्ही ग्वायाकिलच्या लेखिका, दोन्ही इंग्रजीत मिळतात. आम्पुएरोच्या कथांत घरातली हिंसा फार उघड येते, तयारीनं वाचा.
आणि एस्मेराल्दास या किनारी प्रांतातल्या कृष्णवर्णीयांचं जग कुणीच काढलं नाही. त्यासाठी आदाल्बेर्तो ओर्तिसची 'हुयुंगो' (१९४३). रानवाट, मी तुमच्या जागी असते तर 'वासिपुंगो'च्या पाठोपाठ हीच घेतली असती.