विषय: घरी पाळणाघर, कॅलिफोर्नियाचं लायसन्स

नमस्कार मंडळी,
सहा मुलांच्या स्मॉल फॅमिली लायसन्ससाठी अर्ज करायचाय. घर भाड्याचं, घरात स्वतःची दोन मुलं, वय ४ आणि ९. म्हणजे बाहेरची सहा घेता येतील ना? आणि घरमालकाला विचारायचं का?

---
उत्तर:

नाही ताई, चारच. दहा वर्षांखालची आपली मुलंही मोजणीत येतात. त्या सहांतही दोन वर्षांखालची तीनपेक्षा जास्त नकोत. नुसती अशी तान्हीच घेतलीत तर एकूण चार.

आठपर्यंत जाता येतं, पण मग तान्ही दोनच, एक मूल किंडरगार्टन किंवा प्राथमिक शाळेत जाणारं आणि शिवाय दुसरं किमान सहा वर्षांचं हवं. पालकांना तसं कळवावं लागतं.

सहापर्यंत घरमालकाची परवानगी लागत नाही. सुरू करण्याआधी ३० दिवस लेखी कळवायचं, बस्स. सातवं मूल घेतलं की मात्र घरमालकाची लेखी संमती हवी. इथेच बरेच जण फसतात.

---
उत्तर:

मोजणी बरोबर सांगितलीय. पण अर्ज रखडतो तो मुलांपायी नाही, घरातल्या मोठ्यांपायी. घरात राहणाऱ्या १८ वर्षांवरच्या प्रत्येकाचं लाइव्ह स्कॅन, म्हणजे बोटांचे ठसे. आई-बाबा सहा महिने राहायला येणार असतील तर तिकिटं काढतानाच लायसन्सिंग ऑफिसला विचारून ठेवा. क्लिअरन्स (ठशांच्या तपासणीनंतरची मंजुरी) नसलेला माणूस तपासणीत सापडला तर माणशी दिवसाला १०० डॉलर दंड, पहिल्या खेपेला पाच दिवसांपर्यंत.

अग्निशामक २ए१०बीसी रेटिंगचाच हवा. स्वयंपाकघरासाठी म्हणून मिळणारा छोटा डबा चालत नाही. लेबल वाचूनच घ्या. स्मोक आणि कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर दोन्ही लागतात. फायर ड्रिल दर सहा महिन्यांनी, तारखेसकट वहीत.

झोपेचे नियम आपल्याकडच्या सवयींच्या अगदी उलट आहेत. वर्षाखालच्या बाळाला पाठीवरच झोपवायचं. पाळण्यात फक्त गादी आणि तिच्यावर घट्ट बसणारी चादर. दुपटं, उशी, खेळणं काहीही नाही. बाळाला गुंडाळायचंही नाही. दोन वर्षांखालच्या झोपलेल्या मुलाला दर १५ मिनिटांनी बघून नोंद करायची, श्वास जड वाटतोय का तेही. संध्याकाळी बसून एकदम भरलेला तक्ता लगेच ओळखू येतो: सगळ्या वेळा एकाच शाईत, एकाच ओघात.

---
उत्तर:

आठचा विचार तूर्त सोडते. माझा ९ वर्षांचा दहाचा झाला की एक जागा सुटेल, असंच ना?

---
उत्तर:

हो. वाढदिवसापासून तो मोजणीत नाही.