१९२६: नवं काय होतं?

'१९२६ ला विज्ञानकथेचं जन्मवर्ष म्हणतात' हा नेहमीचा मुद्दा मला पटत नाही, पण ते वर्ष अतिशय लाडकं आहे म्हणून थोडी भर घालतो.

अमेरिकन प्रकाशक ह्यूगो गर्न्सबॅकच्या 'अमेझिंग स्टोरीज' या विज्ञानकथा मासिकाचा पहिला अंक एप्रिल १९२६ चा. किंमत २५ सेंट. त्यातल्या कथा मात्र जुन्याच! ज्यूल व्हर्न, एच. जी. वेल्स, एडगर ॲलन पो, सगळे पुनर्मुद्रित. म्हणजे जन्म आधीच झाला होता. गर्न्सबॅकनं बारसं केलं. तेही 'सायंटिफिक्शन' या नावानं, जे पुढे टिकलं नाही. पण फक्त याच प्रकारच्या कथांना वाहिलेलं इंग्रजी मासिक त्याआधी नव्हतं. त्या अंकाचं चित्रकार फ्रँक पॉलनं काढलेलं मुखपृष्ठ जरूर शोधून बघा: बर्फावर स्केटिंग करणारी माणसं, बर्फाच्या ढिगांवर अडकलेली जहाजं आणि मागे आभाळ व्यापून टाकणारा शनी. आजही नजर हटत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १६ मार्च १९२६ ला मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न इथे अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट गोडार्डनं द्रव इंधनावरचं पहिलं रॉकेट उडवलं. जेमतेम अडीच सेकंद, उंची ४१ फूट, आणि पडलं कोबीच्या शेतात. हाच गोडार्ड शाळकरी वयात वेल्सची मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी वाचून भारावला होता. मासिक आणि रॉकेट एकाच वसंतात यावेत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

'अमेझिंग स्टोरीज'मधलं वाचकांच्या पत्रांचं सदर जानेवारी १९२७ पासूनचं. पत्रलेखकांचे पत्ते छापले जात, त्यामुळे वाचक एकमेकांना थेट लिहू लागले. चाहत्यांचे गट जमले ते त्यातूनच.